लान्सलॉट आर्थरच्या कथेत मागाहून आला

आर्थर राजाचा विषय निघाला की त्याच्या सरदारांच्या गोलमेजाचा पहिला मानकरी म्हणून लान्सलॉटचं नाव येतं, आणि तो मूळ ब्रिटिश दंतकथेतलाच, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये आर्थरची हकिकत लिहिली. तिच्यात लान्सलॉट औषधालाही सापडत नाही. तिथला शूर योद्धा म्हणजे आर्थरचा भाचा गवेन, आणि राणीसकट गादी बळकावतो तो मॉर्ड्रेड.

लान्सलॉटला नायक केलं ते फ्रेंच कवी क्रेतियँ द त्रुआने, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याच्या काव्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आर्थरची राणी ग्विनिव्हिअर हिला पळवून नेलंय, लान्सलॉटचा घोडा मेलाय. वाटेत गाडी दिसते, गुन्हेगारांची धिंड काढायची. हाकणारा बुटका म्हणतो, चढ, उद्यापर्यंत राणीचा पत्ता लागेल. लान्सलॉट चढतो, पण आधी दोन पावलं घुटमळतो. पुढे तलवारीच्या पात्याचा पूल उघड्या हातापायांनी ओलांडून, रक्तबंबाळ होऊन तो तिच्यापर्यंत पोहोचतो, तर राणी तोंड फिरवते. कारण ती दोन पावलं! अब्रू आणि प्रेम यांत ओढला जाणारा माणूस एवढ्याशा तपशिलात उभा राहतो.

म्हणूनच त्याला ‘निष्कलंक’ म्हणणंही चूक. तो मान तेराव्या शतकातल्या फ्रेंच कथांनी त्याच्या मुलाला, गॅलहॅडला दिला. राणीवरच्या प्रेमामुळे पवित्र ग्रेल, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातलं पात्र, लान्सलॉटच्या हाती लागत नाही.