कन्सोल ग्राहकाचा, कुलूप कंपनीचे: अपडेटने यंत्र निकामी करण्याच्या वादाची पार्श्वभूमी

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २ हा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, ५ जून २०२५ रोजी बाजारात आला. त्याच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात, निन्टेन्डोने आपल्या ग्राहककराराचा मजकूर बदलला. अमेरिकेतील ग्राहकांना लागू असलेल्या मसुद्यात आता असे म्हटले आहे की, ग्राहकाने यंत्रात अनधिकृत फेरफार केला किंवा त्यातील संरक्षणव्यवस्था चुकवली, तर कंपनी त्याच्या खात्यावरील सेवाच नव्हे, तर ते यंत्रही अंशतः किंवा पूर्णतः, आणि कायमचे, निरुपयोगी करू शकेल. युरोपातील मसुद्याची भाषा याहून मवाळ आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातील ग्राहक संरक्षण यंत्रणेने या कलमाला हरकत घेतली. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू, विक्री झाल्यानंतर, विकणाऱ्याला दूरवरून बंद पाडता येते का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. मात्र त्याची मुळे चाळीस वर्षे मागे जातात.

१९८५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत आपला घरगुती कन्सोल विकायला सुरुवात केली तेव्हा त्यात एक लहानशी कुलूपचिप बसवली होती, आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये होती. दोघींचा सूर जुळला तरच खेळ सुरू होई. नाहीतर कन्सोल दर सेकंदाला रीसेट होत राही आणि पडदा लुकलुकत राही. कॅसेटच्या पट्ट्यांवर धूळ बसली तरी हा संवाद तुटत असे, म्हणजे दोष संपर्काचा असला तरी शिक्षा कुलूप देत असे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे स्वस्त ‘टीव्ही गेम’ आले ते याच यंत्राच्या जपानी भावंडाच्या नकला होत्या. त्या जपानी यंत्रात कुलूपचिप नव्हतीच, त्यामुळे ‘शंभर इन वन’ची कोणतीही कॅसेट त्यात बिनबोभाट चाले. कॅसेटला फुंकर मारणाऱ्या आपल्या पिढीला कुलपाचा त्रास ठाऊक नाही, तो यामुळे.

अमेरिकेत मात्र ही चिप लगेच न्यायालयात पोहोचली. खेळ बनवणाऱ्या अटारी गेम्स या कंपनीने तिचा प्रोग्रॅम कॉपीराइट कार्यालयातून खोट्या कारणाखाली मिळवला आणि स्वतःची पर्यायी चिप तयार केली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने या प्रकरणात निन्टेन्डोची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी दुसऱ्या दोन निकालांनी मात्र काटा ग्राहकांकडे आणि स्पर्धकांकडे झुकवला. सेगाच्या कन्सोलसाठी खेळ बनवता यावेत म्हणून ॲकोलेड कंपनीने त्याची रचना उलगडून पाहिली होती, ती कृती न्यायालयाने वाजवी वापर ठरवली. आणि कॅसेट व कन्सोल यांच्यामध्ये बसवून खेळाचे नियम बदलणारे ‘गेम जिनी’ हे उपकरण कॉपीराइटचा भंग करत नाही, असा निर्णय न्यायालयाने निन्टेन्डोविरुद्ध दिला. घरात आणलेल्या यंत्राशी मालकाने केलेली खटपट ही त्याची स्वतःची बाब आहे, अशी त्या काळची न्यायबुद्धी होती. आजच्या वादात ती फारशी आठवली जात नाही, हे खटकते.

पुढच्या पिढीत खेळ कॅसेटवरून सीडीवर गेले आणि कुलूपही बदलले. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये अस्सल डिस्कच्या खोबणीला मुद्दाम एक सूक्ष्म थरथर दिलेली असे आणि तिच्यात प्रदेशाची सांकेतिक अक्षरे दडवलेली असत. घरच्या सीडी रायटरला ही थरथर उतरवता येत नसे. मॉड चिप म्हणजे काही तारांनी बोर्डावर डाग देऊन बसवलेली अशी चिप, जी डिस्क काहीही असो, कन्सोलला तीच अक्षरे ऐकवत राही. तिच्यामुळे नक्कल केलेली डिस्क चाले, तशीच परदेशातून विकत आणलेली अस्सल डिस्कही चाले. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या दुहेरी उपयोगात आहे.

दरम्यान कायदा बदलला होता. अमेरिकेने १९९८ मध्ये आणि युरोपीय संघाने २००१ मध्ये डिजिटल कुलूप चुकवणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तेथील सर्वांत वरचे न्यायालय) २००५ मध्ये स्टीव्हन्स विरुद्ध सोनी या खटल्यात चिप बसवणाऱ्याच्या बाजूने एकमुखाने निकाल दिला. प्लेस्टेशनचे कुलूप नक्कल होण्याला आळा घालत नाही, ते केवळ झालेली नक्कल चालू देत नाही, म्हणून कायद्यातील व्याख्येत ते बसत नाही, असा त्याचा आधार होता. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने कायदा दुरुस्त करून कुलपाची व्याख्या अधिक व्यापक केली. हे सगळे कायदे एका बाबतीत सारखे आहेत: कुलूप तोडणाऱ्याने काय करू नये याचा त्यांत बारकाईने ऊहापोह आहे, पण कुलूप लावणाऱ्याने विक्रीनंतर काय करू नये, याबद्दल ते जवळजवळ मूक आहेत.

ही उणीव सुरुवातीला जाणवली नाही, कारण कुलूप निष्क्रिय होते. ते फार तर एखादी डिस्क नाकारत असे. कन्सोल इंटरनेटला जोडले गेले तेव्हा परिस्थिती पालटली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स या कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली आणि फेरफार केलेल्या यंत्रांना त्या सेवेतून बाहेर काढायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००९ मधील मोहीम तर फार मोठी होती. पण अशी बंदी म्हणजे सेवा नाकारणे होय, आणि आपल्या सर्व्हरवर कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा कंपनीचा हक्क सहसा कोणी नाकारत नाही. खरा पेच अपडेट यंत्राच्या आत हात घालते तेव्हा सुरू होतो. एक्सबॉक्स ३६० च्या प्रोसेसरमध्ये सूक्ष्म फ्यूज होते. ठरावीक अपडेट आले की त्यांतला एखादा कायमचा जाळला जाई, म्हणजे जुन्या, भेद्य आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद होई. २००९ च्या सप्टेंबरात निन्टेन्डोच्या वी कन्सोलला आलेल्या ४.२ क्रमांकाच्या अपडेटने अनधिकृत प्रोग्रॅम पुसण्यासाठी यंत्र सुरू करणारा मूळ भागच नव्याने लिहिला, आणि ज्यांत कोणताही फेरफार नव्हता असेही काही कन्सोल त्यात मेले. अशा मेलेल्या यंत्राला या क्षेत्रात ‘ब्रिक’ झाले म्हणतात, म्हणजे वीट. मराठीतही तो शब्द तसाच रुळला आहे.

या साऱ्या इतिहासात प्लेस्टेशन ३ चे प्रकरण सर्वांत बोलके आहे, कारण तेथे फेरफार न करणाऱ्यांचाच तोटा झाला. २००६ मध्ये हा कन्सोल आला तेव्हा त्यावर लिनक्स ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली बसवण्याची सोय सोनीने स्वतः दिली होती. अनेकांनी तो स्वस्त संगणक म्हणून घेतला. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने न्यू यॉर्क राज्यातील रोम या गावी सुमारे १,७०० प्लेस्टेशन एकमेकांना जोडून महासंगणक उभारला. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने या सोयीच्या मार्गाने कन्सोलचे अंतर्गत संरक्षण भेदल्याचे जाहीर केले. सोनीने १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने ती सोयच काढून टाकली. अपडेट घेणे नावापुरते ऐच्छिक होते. न घेणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्क ही सोनीची ऑनलाइन सेवा बंद होत होती, आणि नवे अपडेट मागणारे खेळही चालणार नव्हते; घेणाऱ्याचे लिनक्स जात होते. दोन्ही गोष्टी जाहिरातीत सांगून विकलेल्या होत्या.

याचा परिणाम कंपनीला अभिप्रेत होता त्याच्या उलट झाला. लिनक्स हिरावले गेल्याने ज्यांनी आतापर्यंत या यंत्राच्या कुलपाकडे लक्ष दिले नव्हते, अशा कुशल मंडळींनी त्यात मन घातले आणि डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमधील हॅकरांच्या परिषदेत दाखवून दिले की, प्रोग्रॅम अस्सल असल्याची डिजिटल स्वाक्षरी करताना दर वेळी बदलायला हवा असलेला यादृच्छिक आकडा सोनीने प्रत्येक वेळी तोच वापरला होता, त्यामुळे दोन स्वाक्षऱ्यांवरून गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. लगोलग जानेवारीत हॉट्झने मुख्य किल्ली प्रसिद्ध केली, सोनीने खटला भरला, आणि एप्रिल २०११ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांच्या सामूहिक दाव्याची गती मात्र बैलगाडीची होती. २०११ मध्ये न्यायाधीशांनी ग्राहकांचा वैताग समजण्याजोगा असल्याचे मान्य करूनही दावा फेटाळला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्यातले काही मुद्दे पुन्हा जिवंत केले. आणि २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण संपले. तडजोड झाल्यामुळे, विकलेले वैशिष्ट्य अपडेटने काढून घेता येते का, याचे नि:संदिग्ध उत्तर कोणत्याही निकालपत्रात आलेच नाही.

त्याच सुमारास, २०११ मध्ये, निन्टेन्डोने थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलच्या बाबतीत स्पष्टच बजावले की अनधिकृत फेरफार असलेले यंत्र अपडेटनंतर कायमचे बंद पडेल. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील लोकांनी निषेध म्हणून कंपनीच्या अमेरिकेतील अध्यक्षांना पुठ्ठ्याच्या विटा पाठवल्या. मुद्दाम यंत्र मारण्याचे स्वच्छ उदाहरण मात्र कन्सोलच्या बाहेरचे आहे. एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम) पाठवला की, तिच्या चिपची नक्कल आढळल्यास त्या चिपचा ओळखक्रमांक शून्य होऊन उपकरण चालेनासे होई. आपल्या उपकरणात नकली चिप आहे हे मालकांना माहीतही नव्हते. गदारोळ झाला आणि ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये, मिलानहून आलेल्या निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स (मॉड चिप विकणारी कंपनी) या प्रकरणात, कुलूप उद्दिष्टाच्या प्रमाणात असले पाहिजे आणि मॉड चिपचा प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो हेही तपासले पाहिजे, असे सांगितले. अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयाने फोनच्या जेलब्रेकला, म्हणजे कंपनीचे कुलूप काढून हवे ते प्रोग्रॅम चालवण्याला, २०१० मध्येच सूट दिली, पण कन्सोलला ती वारंवार नाकारली. २०२१ मध्ये मिळाली ती केवळ डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती, आणि तीही दुरुस्तीनंतर कुलूप पूर्ववत करण्याच्या अटीवर. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कॉपीराइट कायद्याचे कलम ६५ए तुलनेने उदार आहे, कारण हक्कभंगाचा हेतू असेल तरच कुलूप तोडणे गुन्हा ठरते. उलट बाजूने पाहिले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकाला हानी पोहोचवणाऱ्यास भरपाई द्यायला लावते, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित कराराची व्याख्या करतो. त्यामुळे सगळा वाद ‘परवानगी’ या एका शब्दावर येऊन थांबतो. ‘मान्य आहे’ हे बटण दाबल्याशिवाय नवा कन्सोल वापरता येत नाही आणि नव्या खेळाच्या कार्डावरच अपडेट येते, अशा स्थितीत त्या बटणाला परवानगी म्हणणे मला तरी ओढाताणीचे वाटते.

स्विच २ च्या बाबतीत, नक्कल केलेले खेळ चालवणारी कार्डे वापरणाऱ्यांच्या पडद्यावर २०२५ च्या जूनपासून २१२४-४५०८ हा त्रुटीक्रमांक दिसू लागला: ऑनलाइन सेवा बंद, पण कार्डावरचे खेळ चालू. म्हणजे प्रत्यक्षात अंमल झाला तो सेवा नाकारण्याचा. मात्र बंदी खात्याबरोबर जात नाही, ती यंत्राला चिकटते. आणि स्विचच्या प्रत्येक अस्सल कार्डाला स्वतःचे वेगळे डिजिटल प्रमाणपत्र असल्याने, आणि नकलेतही तेच उतरत असल्याने, आधीच्या मालकाने नक्कल काढून विकलेले जुने कार्ड निर्धास्तपणे घातलेल्या ग्राहकाचाही कन्सोल अडकल्याची तक्रार पुढे आली. त्या कार्डाची नक्कल काढणारा माणूस तोवर ते विकून मोकळा झालेला होता.