शाई घेण्याआधी ती तुमच्या ऑफिसच्या कागदावर लिहून पाहा

चांगल्या वहीत सुरेख दिसलेली फाउंटन पेनची शाई ऑफिसच्या कागदावर फुटते, म्हणजे रेघेबाहेर पसरते, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. दोष बहुतेक वेळा एकट्या शाईचा नसतो. झेरॉक्सचा कागद बनतो तो टोनर धरण्यासाठी. पाणी चटकन शोषले जाऊ नये म्हणून कागदाला खळ दिलेली असते. ती कमी पडली की पातळ शाई तंतूंच्या कडेने पळते.

म्हणून नुसत्या जीएसएमवर विसंबू नका. तो आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ८० जीएसएमचा ए-४ कागद सुमारे ५ ग्रॅम भरतो, पण त्याला खळ कशी दिली आहे हे त्यावरून कळत नाही. ७० जीएसएमचा एखादा कागदही शाई जास्त नीट पेलतो.

शाई पाहायची ती स्वतःच्या पेनात भरूनच. काचेचे पेन किंवा निब दौतीत बुडवून ओढलेल्या रेघेवर शाई जास्त उतरते; रंगाचा अंदाज येतो, रोजच्या लिखाणाचा येत नाही. पेन आधी धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर आत राहिलेले पाणी शाई फिकी करते.

कागद ऑफिसच्या रीममधलाच घ्या आणि नेहमीच्या वेगाने चार ओळी लिहा. रेघोट्यांपेक्षा देवनागरी मजकूर फार काही सांगतो. उभा दंड शिरोरेघेला मिळतो तिथे शाई दुहेरी पडते, त्यामुळे फुटायची असेल तर आधी तिथेच फुटते. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ठ’ लिहून त्यांची पोटे भरून जातात का, तेही पाहा. शेवटी सही करा, कारण सही करताना हात दाबला जातो. मग शाई किती वेळात वाळते हे पाहायला १०, २० आणि ३० सेकंदांनी वेगवेगळ्या शब्दांवरून बोट फिरवा.

आता कागद उलटा. मागून अक्षरांची नुसती सावली दिसत असेल, तर कागद पातळ आहे, इतकेच. शाईचे ठिपके उमटले असतील, तर ती आरपार आली आहे आणि त्या कागदावर पाठपोट लिहिता येणार नाही. दमट हवेत कागद ओल धरतो, त्यामुळे हीच चाचणी कोरड्या दिवशी वेगळी दिसू शकते. दुसऱ्या दिवशी एका शब्दावर पाण्याचा थेंब टाका. नोंदी, अर्ज, पाकिटावरचे पत्ते यांसाठी ही पायरी आम्ही फार महत्त्वाची मानतो.

शाई फुटली तर आधी बारीक निब लावून पाहा. कमी शाई उतरली की बरेचसे काम भागते. तरीही जमले नाही, तर आयर्न गॉल शाई सुचवू. ती लिहिताना फिकी असते, हवेने काळसर होत जाते आणि साध्या कागदावर सहसा कमी फुटते. पिगमेंटच्या शाईत रंगाचे बारीक कण असतात. वाळल्यावर ती सहसा पाण्याला दाद देत नाही. मात्र या दोन्ही शाया पेनात वाळू देऊ नका. पेन वापरायचे नसेल तेव्हा रिकामे करून धुवा.

चाचणीच्या कागदावर शाईचे नाव, निब, कागदाचा ब्रँड आणि तारीख लिहून ठेवा. रीम बदलली की पुन्हा चार ओळी लिहा. शाई मनासारखी बसली नाही, तर तोच कागद आणि तेच पेन घेऊन या. दुसरी शाई त्यावरच लिहून पाहू.