हिवतापाच्या नोंदी तपासायच्या आहेत? परवानगीचा अर्ज इथे अडतो

आरोग्य केंद्रं हिवतापाच्या तपासणी-उपचारांचे नियम कितपत पाळतात, हे रजिस्टरांवरून अभ्यासायचं तर आधी एथिक्स कमिटीची (संशोधन नीतिनियमांत बसतं का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते. संशोधन आराखडा, नोंदी टिपायचा तक्ता, बायोडेटा, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांची सही, हे बहुतेक जण नीट जोडतात.

घोळ होतो तो "जुन्याच तर नोंदी, रुग्णाला कुठे हात लावतोय?" या समजुतीने. रुग्णाची ओळख पटेल अशी नोंद वापरायची तर त्याची संमती हवी. ती मिळवणं शक्य नसेल तर सूट कमिटीच देते, पण कारण लिहून मागावी लागते. मंजुरीही काम सुरू होण्याआधीच हवी. वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हे स्पष्ट आहे. अर्जाची पोच म्हणजे मंजुरी नव्हे! पोच मिळताच रजिस्टरं उतरवून काढणारी मुलं मी पाहिली आहेत. महिन्यांची मेहनत बाद होते, फार वाईट वाटतं. आणि कमिटीच्या बैठकीची तारीख ही अर्जाची शेवटची तारीख समजू नका, अर्ज त्याच्या बराच आधी द्यावा लागतो.

मग तो कागद, जो कुणापाशीच नसतो: नोंदींच्या काळात लागू असलेली उपचार मार्गदर्शिका. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सांगितलं की कोणत्याही वयाच्या संशयित रुग्णाची आधी रक्ततपासणी करा, मग औषध द्या. त्याआधी हिवतापाचा जोर असलेल्या भागांत 5 वर्षांखालच्या मुलांना नुसत्या तापावरून औषध देणं नियमातच बसत होतं. आजचा नियम कालच्या नोंदीला लावणं अन्याय आहे. आपल्या नोंदींच्या काळातली प्रत शोधून जोडाच.

साठ्याचं रजिस्टर बघायची परवानगीही याच अर्जात मागा. ओपीडी रजिस्टरात "ताप", पुढे गोळ्यांचं नाव, तपासणीचा रकाना कोरा. ही चूक डॉक्टरची, की त्या आठवड्यात रॅपिड टेस्टचे किटच नव्हते? साठा पाहिल्याशिवाय कळणार नाही. तक्त्यात वजनाचा रकानाही ठेवा, नाहीतर डोस बरोबर होता का हे ठरवता येत नाही.

शेवटची अडचण केंद्रप्रमुखांच्या पत्राची. ते म्हणतात आधी कमिटीची मंजुरी आणा, कमिटी म्हणते आधी त्यांचं पत्र आणा. माणसाने हेलपाटे तरी किती घालायचे? "एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून परवानगी" एवढी ओळ घालून पत्र मागा. असं पत्र द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.