परराष्ट्रमंत्री की सुरक्षा सल्लागार? अमेरिकेत शिक्का एकाकडे, कान दुसऱ्याकडे

वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवा होतो तेव्हा एजन्सीच्या बातमीतल्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’चं मी सरळ ‘राज्य सचिव’ करून टाकलं होतं. रात्रपाळीच्या प्रमुखांनी कॉपी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “कुठल्या राज्याचा रे हा? महाराष्ट्राचा की गुजरातचा?” ती चूक पुन्हा झाली नाही. पण पुढे लक्षात आलं, की ‘परराष्ट्रमंत्री’ लिहायला शिकलो म्हणून गोंधळ मिटत नाही. कारण त्याच बातमीत, बहुतेक वेळा त्याच परिच्छेदात, दुसरा एक माणूस असतो: राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. दोघंही परदेशी नेत्यांना भेटतात, दोघंही युद्ध-शांततेवर बोलतात, दोघंही विमानाच्या जिन्यावरून हात हलवतात. मग एकाच कामाला दोन माणसं कशाला?

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्याकडे सेक्रेटरी म्हटलं की एकतर मंत्रालयातला सनदी अधिकारी, नाहीतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून बोलणी खाणारा माणूस. अमेरिकेत सेक्रेटरी म्हणजे थेट मंत्री. त्यामुळे तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा जोडीदार आपला परराष्ट्रमंत्री, परराष्ट्र सचिव नव्हे. सुरक्षा सल्लागाराचं इंग्रजी लघुरूप एनएसए. तिथे दुसरा घोळ. मेरिलँडमधल्या फोर्ट मीडला मुख्यालय असलेली, जगाचे फोन आणि संगणक ऐकणारी संस्थाही एनएसएच, आणि आपल्या पोलिसांच्या तोंडी एनएसए म्हणजे रासुका, आपल्याकडचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा. ‘एनएसएने सांगितले’ असं वाक्य आलं की आजही मी पूर्ण बातमी वाचल्याशिवाय हात लावत नाही.

परराष्ट्रमंत्र्याचं पद 1789 चं, म्हणजे जवळजवळ प्रजासत्ताकाइतकंच जुनं. पहिले थॉमस जेफरसन, आणि त्यांचं पहिलं भांडण अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याशी, म्हणजे भांडणाची परंपराही तेवढीच जुनी. या मंत्र्याच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. त्याला संसदेच्या समित्यांपुढे बसून उत्तरं द्यावी लागतात. देशाचा शिक्का, ग्रेट सील, त्याच्या खात्याच्या ताब्यात असतो. राष्ट्राध्यक्ष गेला तर उत्तराधिकाऱ्यांच्या रांगेत उपराष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधीगृहाचा सभापती आणि सिनेटचा हंगामी अध्यक्ष यांच्यानंतर चौथा नंबर त्याचा. राष्ट्राध्यक्षाने राजीनामा द्यायचा तर तोही कायद्याने याच मंत्र्याच्या कार्यालयात पोचवावा लागतो. 9 ऑगस्ट 1974 ला रिचर्ड निक्सन यांचं एका वाक्याचं पत्र आलं ते ‘डिअर मिस्टर सेक्रेटरी’ अशा मायन्याने. हेन्री किसिंजर यांनी त्यावर 11.35 ही वेळ घातली, आद्याक्षरं केली आणि राष्ट्राध्यक्षपद संपलं.

सल्लागाराचं असं काहीच नाही. 1947 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण झाली, तिच्यासाठी एक कार्यकारी सचिव ठरला. आज आपण ज्याला सुरक्षा सल्लागार म्हणतो ते पद राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी 1953 मध्ये सुरू केलं, पहिले रॉबर्ट कटलर. सिनेट नाही, सुनावणी नाही, रांगेत नंबर नाही. राष्ट्राध्यक्षाने सांगितलं ‘ये’ की यायचं, ‘जा’ की जायचं. हा माणूस सहसा संसदेपुढे साक्षही देत नाही. राष्ट्राध्यक्षाला दिलेला सल्ला खासगी, असा व्हाइट हाउसचा दावा असतो. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे कोंडोलिसा राइस यांनी एप्रिल 2004 मध्ये शपथेवर जाहीर साक्ष दिली, तीसुद्धा व्हाइट हाउसने बरेच आढेवेढे घेतल्यावर.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मंत्री मोठा. कागदावर आहेच. पण वॉशिंग्टनचा नकाशा काढून बघा. परराष्ट्र खातं फॉगी बॉटम नावाच्या भागात. मंत्र्याचं दालन सातव्या मजल्यावर, खाली हजारो माणसं, जगभर पसरलेल्या वकिलाती. तिथून व्हाइट हाउस चालत पंधरा-वीस मिनिटांवर. सल्लागार मात्र वेस्ट विंगमध्येच बसतो, राष्ट्राध्यक्षाच्या ओव्हल ऑफिसपासून काही पावलांवर. मंत्र्याला भेटीची वेळ ठरवावी लागते. सल्लागार दारातून डोकावतो. शिक्का फॉगी बॉटममध्ये आणि कान वेस्ट विंगमध्ये. माझ्या मते या दोन पदांमधला खरा फरक एवढाच आहे, आणि स्वभाव, विचारसरणी वगैरे ज्याला आपण भांडणाची कारणं म्हणतो ती बरीचशी त्या अंतरातून येतात.

विल्यम रॉजर्स यांचं उदाहरण बघा. ते निक्सन यांचे जुने मित्र, आयसेनहॉवर यांच्या काळात ॲटर्नी जनरल राहिलेले, सभ्य गृहस्थ. निक्सननी 1969 मध्ये त्यांना परराष्ट्रमंत्री केलं, पण परराष्ट्र खात्यावर निक्सन यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता; धोरण व्हाइट हाउसमधून चालवायचं हे पक्कं होतं. त्यासाठी हार्वर्डचे प्राध्यापक किसिंजर आणले. पुढची साडेचार वर्षं रॉजर्स मंत्री होते आणि किसिंजर परराष्ट्र धोरण होते. व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन यांच्या रोजनिशीत या दोघांची तक्रार कितीदा येते! बिचारे दोन सुनांच्या मधल्या सासूसारखे समजुती घालत होते.

जुलै 1971. किसिंजर आशियाच्या दौऱ्यावर निघाले. दिल्लीत येऊन इंदिरा गांधींना भेटले, पूर्व बंगालमधल्या निर्वासितांबद्दल ऐकून घेतलं, आणि तिथून पाकिस्तानात. तिथे पोट बिघडल्याचं जाहीर झालं. विश्रांतीला नथियागलीच्या थंड हवेत गेले म्हणून गाड्यांचा ताफाही तिकडे रवाना झाला. प्रत्यक्षात 9 जुलैच्या पहाटे ते पाकिस्तानी विमान कंपनी पीआयएच्या विमानाने चीनच्या राजधानीला, पेकिंगला निघाले होते. घाईत शर्टांची घडी मागे राहिली. मग सोबतच्या जॉन होल्ड्रिज या उंचापुऱ्या अधिकाऱ्याचे शर्ट उसने घेतले. ढगळ तर होतेच, वर आत लेबल ‘मेड इन तैवान’! ज्या तैवानवरून दोन देश वीस वर्षं बोलत नव्हते, त्याचंच कापड अंगावर घालून अमेरिकेचा दूत चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्यासमोर बसला. आणि परराष्ट्रमंत्री? रॉजर्सना ही गोष्ट अगदी ऐनवेळी कळवली गेली. 15 जुलैला निक्सननी टीव्हीवरून जाहीर केलं तेव्हा खात्यातले चीनचे जाणकार इतर जगासारखेच चकित झाले.

पुढच्या फेब्रुवारीत निक्सन स्वतः चीनला गेले. रॉजर्स सोबत होते. पण माओंकडून बोलावणं आलं तेव्हा गेले निक्सन आणि किसिंजर, शिवाय टिपणं घ्यायला किसिंजरांचे तरुण मदतनीस विन्स्टन लॉर्ड. मदतनीस आत आणि मंत्री बाहेर हे दिसायला फारच वाईट, म्हणून प्रसिद्धीला दिलेल्या छायाचित्रांतून लॉर्ड यांना चक्क कापून टाकलं. रॉजर्स यांची अब्रू राखण्याचा हा प्रकार मला त्यांना न नेण्यापेक्षाही जास्त अपमानास्पद वाटतो.

याच फटीचा परिणाम 1971 मध्ये आपल्यापर्यंत पोचला. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या गप्प राहण्यावर कडक तार पाठवली होती. दिल्लीतले राजदूत केनेथ किटिंगही भारताची बाजू समजून सांगत होते. ही सगळी परराष्ट्र खात्याची माणसं. त्यांचा आवाज फॉगी बॉटमपर्यंत येत होता, वेस्ट विंगपर्यंत नव्हता; आला तरी तिथे तो नकोसा होता. डिसेंबरच्या युद्धात राष्ट्राध्यक्षांना पाकिस्तानकडे झुकायचं आहे, असं किसिंजर बैठकीत अधिकाऱ्यांना बजावत होते. त्या बैठकांची इतिवृत्तं जॅक अँडरसन या पत्रकाराच्या हाती लागली, छापली गेली, आणि ‘टिल्ट’ हा शब्द भारतात घरोघरी पोचला. त्याच युद्धात एंटरप्राइझ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली होती.

सप्टेंबर 1973 मध्ये रॉजर्स गेले आणि किसिंजरांनी मंत्रिपदही घेतलं, सल्लागारपद न सोडता. नोव्हेंबर 1975 पर्यंत दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. उत्तराधिकाराच्या रांगेतला चौथा नंबर मात्र त्यांना उपयोगाचा नव्हता, कारण जन्म जर्मनीतल्या फ्युर्थचा, आणि राष्ट्राध्यक्ष जन्मजात अमेरिकी नागरिकच लागतो.

कार्टर यांच्या काळात हेच नाटक वेगळ्या पात्रांनी केलं. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स: न्यूयॉर्कचे वकील, मुद्देसूद, सोव्हिएत संघाशी शस्त्रकरार व्हावा म्हणून धीर धरणारे. सल्लागार झ्बिग्न्यू ब्रेझिन्स्की: पोलंडमध्ये जन्मलेले प्राध्यापक, मॉस्कोच्या कुठल्याही शब्दावर विश्वास न ठेवणारे. आता अंतराचं गणित बघा. ब्रेझिन्स्की रोज सकाळी राष्ट्राध्यक्षांसमोर बसून बोलत. व्हान्स रोज संध्याकाळी लेखी टिपण पाठवत. सकाळच्या बोलण्याला संध्याकाळचा कागद कसा पुरणार? त्याहून बारीक गोष्ट बैठकांच्या इतिवृत्ताची. बैठकीत काय ठरलं याचा सारांश ब्रेझिन्स्की यांचं कार्यालय लिही आणि तो थेट कार्टरकडे जाई. व्हान्सना आपण काय बोललो असं लिहिलंय हे आधी बघायलाही मिळत नसे. सोसायटीची मिनिट्स ज्याच्या हातात, सोसायटी त्याची, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना व्हान्सची चिडचिड लगेच समजेल.

शेवट इराणमध्ये झाला. तेहरानच्या वकिलातीत अमेरिकी ओलीस होते. व्हान्स वाटाघाटींच्या बाजूचे, ब्रेझिन्स्की लष्करी सुटकेच्या. एप्रिल 1980 मध्ये व्हान्स काही दिवस सुटीवर फ्लोरिडाला गेले. 11 एप्रिलला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, त्यांच्या जागी उपमंत्री वॉरन ख्रिस्तोफर बसले होते, आणि मोहिमेचा निर्णय झाला. परतल्यावर व्हान्सनी आक्षेप नोंदवला. निर्णय बदलला नाही. 21 तारखेला त्यांनी राजीनामा लिहून दिला, मोहीम यशस्वी झाली तरी मी जाणार असं सांगून. तोवर गुप्तता पाळायची म्हणून पुढचे काही दिवस ते काहीच न घडल्यासारखे कामावर येत राहिले. 24 एप्रिलच्या रात्री वाळवंटात हेलिकॉप्टरं नादुरुस्त झाली, मोहीम आवरती घेताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळलं, आठ सैनिक गेले. 28 तारखेला राजीनामा जाहीर झाला. मंत्र्याची खुर्ची मोकळी असताना सल्लागाराची खुर्ची किती भरलेली असते, हे त्या एका सुटीने दाखवलं.

उलट बाजूही आहे. रेगन यांनी सल्लागाराला मुद्दाम लहान केलं. पहिले सल्लागार रिचर्ड ॲलन यांना थेट राष्ट्राध्यक्षांकडे जायची मुभाच नव्हती, व्हाइट हाउसमधले वरिष्ठ सहकारी एडविन मीज यांच्यामार्फत जावं लागे. त्यामुळे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांना वाटलं, मैदान आपलंच. 30 मार्च 1981 ला रेगनवर गोळीबार झाला, हेग धावत पत्रकारांसमोर आले आणि राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि मग परराष्ट्रमंत्री असा क्रम त्यांनी घटनेच्या नावाने सांगून टाकला. मधले दोघं गाळलेच! ते वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं. आणि सल्लागार दुबळा केला म्हणून कारभार सुधारला असंही नाही. रेगनच्या आठ वर्षांत सहा सल्लागार झाले, आणि इराणला शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवण्याचं प्रकरण त्याच सुरक्षा परिषदेच्या कचेरीतून निघालं. शस्त्रविक्रीला परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्झ यांचा विरोध असताना.

चांगलं चाललेलं उदाहरण विचाराल तर थोरले बुश. परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर त्यांचे ह्यूस्टनचे जिवलग मित्र, सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट. बर्लिनची भिंत पडली, जर्मनी एक झाला, आखाती युद्ध झालं, आणि या दोघांच्या भांडणाच्या बातम्या मला डेस्कच्या जुन्या कात्रणांत सापडत नाहीत. स्कोक्रॉफ्ट इतरांची मतं राष्ट्राध्यक्षांपर्यंत जशीच्या तशी नेत. शिवाय बेकरना अंतराची भीती नव्हती. मित्राला फोन करायला वेस्ट विंगमध्ये खोली लागत नाही.

आपल्याकडे सल्लागाराचं पद आलं नोव्हेंबर 1998 मध्ये, वाजपेयींच्या वेळी. पहिले ब्रजेश मिश्र, आणि ते पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते. म्हणून भारतीय वाचकाला हे चित्र थोडंफार ओळखीचं वाटतं.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत परराष्ट्रमंत्री रेक्स टिलरसन मार्च 2018 मध्ये एका ट्वीटने गेले, सप्टेंबर 2019 मध्ये सल्लागार जॉन बोल्टन दुसऱ्या ट्वीटने. त्याच दुपारी मंत्री माइक पॉम्पिओ पत्रकारांसमोर आले, तेव्हा बोल्टन यांच्याशी जमत नव्हतं हे लपवायचा त्यांनी फार प्रयत्न केला नाही. दुसऱ्या कारकिर्दीत सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी सिग्नल ॲपवरच्या युद्धचर्चेच्या गटात चुकून एका संपादकाला घेतलं, आणि 1 मे 2025 ला ट्रम्पनी त्यांना पदावरून हलवून सल्लागाराचं काम परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांच्याकडेच सोपवलं. किसिंजरनंतर जवळपास पन्नास वर्षांनी पुन्हा शिक्का आणि कान एका माणसाकडे आले. त्या वेळी फॉगी बॉटममध्ये खात्याच्या प्रवक्त्या टॅमी ब्रूस नेहमीची पत्रकार परिषद घेत उभ्या होत्या. आपल्या मंत्र्याला ही नवी नेमणूक मिळाल्याचं त्यांना समोरच्या एका पत्रकाराने सांगितलं.