मोल्दोव्हाची वाइन : एका गिऱ्हाइकावर उभा राहिलेला धंदा

मार्च 2006 मध्ये रशियाने मोल्दोव्हा आणि जॉर्जिया या दोन देशांची वाइन घेणं एकाएकी थांबवलं. वाइनमध्ये कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू सापडले, असं कारण रशियाच्या ग्राहक-आरोग्य खात्याने दिलं. दोन्ही देशांची सरकारं तेव्हा युरोपकडे झुकत होती, त्यामुळे हे कारण फार कुणाला पटलं नाही. फटका मात्र जबर बसला. मोल्दोव्हाच्या वाइन-निर्यातीतला सुमारे 80 टक्के माल त्या वेळी एकट्या रशियात जात होता. अख्ख्या देशाचा धंदा एका गिऱ्हाइकाच्या हाती कसा गेला, हे कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मोल्दोव्हा हा रोमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये, प्रूत आणि द्निस्तर या नद्यांदरम्यान वसलेला छोटा देश. लोकवस्ती जेमतेम 25 लाखांच्या घरात. काळी कसदार माती, सौम्य उतारांच्या टेकड्या आणि जवळच्या काळ्या समुद्रामुळे थोडा मवाळ झालेला हिवाळा, असं द्राक्षाला मानवणारं सगळं इथे आहे. लागवड फार जुनी. मध्ययुगातल्या मोल्दाव्हिया संस्थानाचा राजा श्तेफान (कारकीर्द 1457 ते 1504) याने द्राक्षबागांना उत्तेजन दिलं, असं तिथे अभिमानाने सांगतात.

खरं वळण आलं 1812 मध्ये. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातल्या बुखारेस्ट तहानंतर प्रूत नदीच्या पूर्वेचा भाग, म्हणजे बेसाराबिया, झारच्या साम्राज्यात गेला. थंडीने गारठलेल्या त्या विशाल साम्राज्याला द्राक्ष पिकणारा दक्षिणेचा मुलूख मिळाला आणि बेसाराबियाला घरबसल्या प्रचंड बाजारपेठ. जर्मन, स्विस, बल्गेरियन आणि गागाऊझ कुटुंबं या भागात वसवली गेली. द्निस्तरकाठच्या पुर्कारी गावात 1827 मध्ये सुरू झालेली वायनरी आजही चालू आहे. तिची 'नेग्रू दे पुर्कारी' ही लाल वाइन तीन वाणांची आहे : फ्रान्सचं काबर्ने सोव्हिन्यॉं, जॉर्जियाचं सापेरावी आणि इथलंच रारा न्याग्रा. या मातीवर कुणाकुणाची छाप पडली, ते त्या एका बाटलीत दिसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभर बागा उजाड केल्या, तशा इथेही केल्या. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलमं बांधून त्या पुन्हा उभ्या करताना फ्रेंच वाण मोठ्या प्रमाणात आले आणि जुने स्थानिक वाण मागे पडले. 1918 मध्ये बेसाराबिया रोमानियात सामील झाला. 1940 मध्ये तो सोव्हिएत संघाने घेतला, मग युद्ध आलं, आणि 1944 नंतर पुन्हा सोव्हिएत राजवट.

या राजवटीने मोल्दोव्हाला साऱ्या संघाची द्राक्षबाग करून टाकलं. सामूहिक शेतीच्या बागा क्षितिजापर्यंत पसरल्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन लाख हेक्टरांहून अधिक जमीन द्राक्षाखाली होती. गणित टनांचं आणि लिटरचं होतं. जास्त पिकवा, गोडसर आणि स्वस्त बनवा, रेल्वेच्या टाक्यांतून उत्तरेला पाठवा. तरीही याच काळातली एक गोष्ट मला मनापासून थोर वाटते. राजधानी किशिनाऊच्या इमारतींसाठी चुनखडीचा दगड काढून पोकळ झालेल्या खाणींमध्ये वाइन मुरवायची कल्पना कुणाला तरी सुचली आणि 1952 मध्ये क्रिकोव्हाची भुयारी वायनरी सुरू झाली. तिचे बोगदे 120 किलोमीटरच्या आसपास भरतात. आत वर्षभर 12 ते 14 अंश तापमान, भरपूर दमटपणा, आणि बोगद्यांना रस्त्यांसारखी वाइनची नावं. अंतराळवीर युरी गागारिन 1966 मध्ये इथे येऊन गेला. जवळच्या मिलेश्ती मिचचे बोगदे तर सुमारे 200 किलोमीटरचे आहेत, पैकी 55 च वापरात. तिथल्या जवळपास 15 लाख बाटल्यांच्या संग्रहाची 2005 मध्ये जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनेसने नोंद केली.

मे 1985 मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. रशियातली व्यसनाधीनता भयंकर होती, हे खरंच. पण ती प्रामुख्याने व्होडकाची. कुऱ्हाड पडली ती द्राक्षबागांवर. मोल्दोव्हात हजारो हेक्टर वेली मुळासकट उपटल्या गेल्या, कारखाने रस आणि खाण्याच्या द्राक्षांकडे वळवले गेले. नवी बाग लावली की पुरतं उत्पन्न द्यायला तीन-चार वर्षं घेते, आणि जुन्या वेलीची खोलवर गेलेली मुळं तर कुठल्याच सरकारी आदेशाने परत येत नाहीत. मॉस्कोत बसून ठरवलेल्या एका मोहिमेने इथल्या बागायतदाराचं पिढीभराचं काम पुसून टाकलं. या अन्यायाबद्दल फार कमी लिहिलं जातं.

ऑगस्ट 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी द्निस्तरपलीकडच्या पट्टीत फुटीरवाद्यांशी लढाई झाली आणि ती पट्टी हातची गेली. 1897 मध्ये स्थापन झालेला क्विंट हा ब्रँडीचा नामवंत कारखानाही तिकडेच राहिला. सामूहिक शेतीची जमीन वाटली गेली, तेव्हा सलग बागांचे चिंचोळे तुकडे झाले. भांडवल नव्हतं, नवी बाजारपेठ नव्हती. ओळखीचं गिऱ्हाईक एकच, रशिया. त्यामुळे 2006 च्या बंदीने वायनऱ्या अक्षरशः आडव्या झाल्या.

ती बंदी 2007 च्या अखेरीस उठली. मोल्दोव्हा युरोपीय संघाशी सहकार्य करार करायच्या बेतात असताना, सप्टेंबर 2013 मध्ये रशियाने पुन्हा बंदी घातली. पण या वेळी तयारी होती. पहिल्या धक्क्यानंतर अनेकांनी बाटलीबंद, कोरड्या, युरोपच्या चवीच्या वाइनकडे मोर्चा वळवला होता. 2013 मध्येच राष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन कार्यालय उभं राहिलं, आणि जानेवारी 2014 पासून युरोपीय संघाने मोल्दोव्हाच्या वाइनला आपली बाजारपेठ पूर्ण खुली केली. आज रोमानिया आणि पोलंड हे मोठे ग्राहक आहेत. हा बदल सरकारपेक्षा रशियाच्या बंदीनेच जास्त घडवला, असं माझं मत आहे.

आता वाइनवर प्रदेशाचं नाव लिहिण्याचे अधिकृत विभाग तीन आहेत. मध्यभागी जंगलांनी वेढलेला कोद्रू, मुख्यतः पांढऱ्या वाइनचा, क्रिकोव्हा इथलीच. नैर्ऋत्येला उबदार, कोरडा व्हालुल लुई त्रायान, लाल वाइनसाठी चांगला. आणि आग्नेयेला, काळ्या समुद्राकडे, पुर्कारी ज्यात येतं तो श्तेफान व्होदा. याच भागातल्या पालांका नाक्यावरून 2022 च्या मार्चमध्ये युक्रेनमधले भारतीय विद्यार्थी मोल्दोव्हात उतरले होते. उत्तरेकडच्या बाल्त्सी भागातही द्राक्ष होतं, पण वाइनसाठी त्याला वेगळा दर्जा नाही.

स्थानिक वाण अजूनही एकूण लागवडीच्या जेमतेम दहाव्या भागात आहेत. फेत्यास्का न्याग्रा आणि रारा न्याग्रा हे काळे, फेत्यास्का आल्बा हा पांढरा, आणि सोव्हिएत काळात इथेच पैदास केलेला सुगंधी व्हिओरिका. झारच्या, सोव्हिएतच्या आणि पुढे युरोपच्या बाजाराने मागितलेल्या वाणांनी उरलेली जमीन व्यापली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र छोट्या वायनऱ्या मुद्दाम या वाणांच्या नव्या बागा लावताहेत, कारण काबर्ने जगात कुणीही विकतो आणि फेत्यास्का फक्त याच भागातल्या लोकांकडे आहे.