उकळत्या पाण्याने तेल वाहून जात नाही

कढईतलं जळकं तेल मोरीत ओतायचं, मागून उकळतं पाणी आणि साबण सोडायचा, की पाइप साफ! हॉटेलांच्या भटारखान्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा समज चुकीचा आहे. गरम पाणी तेलाला फक्त पुढे ढकलतं. पाइपात थोडं आत गेलं की पाणी निवतं आणि तेल सुटून आतल्या बाजूला चिकटतं. त्यावर शितं, बेसनाचा चुरा बसतो. सांडपाण्यातल्या कॅल्शियममुळे चरबीचा साबणासारखा घट्ट थर होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात असाच २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गठ्ठा सापडला होता.

तेल निवू द्या, गाळा, झाकणाच्या डब्यात साठवा आणि अधिकृत संकलकालाच द्या. त्यापासून बायोडिझेल बनतं. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणं एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने) १ मार्च २०१९ पासून बंधनकारक केलं आहे. दारावर येऊन रोख पैसे मोजणाऱ्या अनोळखी माणसाला ते कधीच विकू नका, कारण तेच तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडू शकतं. भांड्यांवरचा तवंग अडवायला ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवून ठेवणारा डबा) लागतोच, आणि तो भरायच्या आत उपसावा लागतो.