जपानची बेसबॉल मैदानं खरंच छोटी आहेत का?

१९ मार्च २०२५. टोकियो डोम या छत असलेल्या मैदानात शोहेई ओहतानी या जपानी फलंदाजाने मारलेला चेंडू मध्याच्या उजवीकडे, कुंपणापलीकडच्या प्रेक्षकांच्या हातांना लागला आणि उलटा मैदानात येऊन पडला. पंचांनी रिप्ले पाहिला आणि होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, कायम ठेवला. अमेरिकेतल्या एखाद्या मैदानावर हाच चेंडू कदाचित झेलला गेला असता, ही शंका जपानी फलंदाजांचा पिच्छा कधी सोडत नाही. जुन्या पिढीतले जपानी फलंदाज सदाहारु ओह यांच्या कारकिर्दीतल्या ८६८ होमरनांबद्दलही हेच बोललं गेलं.

मापं काढून पाहिली तर गंमत दिसते. बेसबॉलमध्ये आतला चौकोन जगभर सारखाच असतो. एका बेसपासून (चौकोनाच्या कोपऱ्यापासून) दुसरा २७.४३ मीटरवर, चेंडू टाकणारा पिचर १८.४४ मीटरवर. बाहेरचं कुंपण मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीचं. क्रिकेटच्या सीमारेषेसारखंच, वानखेडेवरचा षटकार मेलबर्नला झेल ठरू शकतो. अमेरिकेच्या नियमानुसार १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांत फाउल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या रेषांवर, कुंपण किमान ३२५ फूट (९९ मीटर) आणि मध्यभागी ४०० फूट (१२२ मीटर) हवं. टोकियो डोम १९८८ चा. तिथे कडेला १०० मीटर आणि मध्यभागी १२२ मीटर, म्हणजे नियमात चोख बसणारं.

तरीही ते छोटं आहेच. कारण फलकावर मोठ्या अक्षरांत असतात त्या कडेच्या आणि मध्याच्या अंतरांवरून कुंपणाचा आकार कळत नाही. या दोन्हींच्या मधल्या भागात, ज्याला पॉवर अ‍ॅली म्हणतात, कुंपण किती फुगलंय हे बघायचं. टोकियो डोममध्ये तिथलं अंतर ११० मीटर. अमेरिकेत साधारण ११३ ते ११६ मीटर. चार मीटरने काय बिघडतं? ढोबळ हिशेब असा की बॅटवरून सुटताना चेंडूचा वेग ताशी दीड किलोमीटरने वाढला, तर तो दीडएक मीटर लांब जातो. म्हणजे हे चार मीटर ओलांडायला ताशी चार किलोमीटर जास्त वेग हवा. शंभरातल्या बहुतेक फटक्यांना याने फरक पडत नाही. पण काठावरच्या फटक्यांचं भवितव्य इथेच ठरतं.

याउलट ओसाकाजवळचं कोशिएन मैदान. १९२४ मध्ये ते उघडलं तेव्हा कडेला ११० मीटर आणि पॉवर अ‍ॅलीत सुमारे १२८ मीटर होतं. इतकं अवाढव्य की होमरन निघेनात, म्हणून १९४७ मध्ये आत दुसरं कुंपण घालून ‘लकी झोन’ केला. तो १९९१ च्या अखेरीस काढला. आज तिथे कडेला ९५ मीटर असलं, तरी पॉवर अ‍ॅली ११८ मीटर आहे, बहुतेक अमेरिकी मैदानांहून खोल. त्यात समुद्राकडून येणारा वारा डावखुऱ्यांचे फटके अडवतो. नागोयाच्या डोममध्ये पॉवर अ‍ॅली ११६ मीटर आणि भिंत ४.८ मीटर उंच होती. होमरनांचा दुष्काळ असह्य होऊन २०२६ च्या हंगामासाठी कुंपण सहा मीटरपर्यंत आत घेण्याचं ठरलं.

अमेरिकेतही सगळं ऐसपैस नाही. बोस्टनचं १९१२ चं फेनवे पार्क नियमाच्या आधीचं. उजवीकडे कुंपण ९२ मीटरवर आणि डावीकडे ९४.५ मीटरवर ११.३ मीटर उंच भिंत. डेन्व्हरचं कूर्स फील्ड कडेला जवळपास १०६ मीटर आणि मध्यभागी १२६.५ मीटर, पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, अडथळा कमी, म्हणून चेंडू निदान पाच टक्के लांब जातो. एवढं मोठं मैदान तिथे नाइलाजाने बांधावं लागलं. टोकियो डोमचं छत मात्र आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं, बाहेरच्यापेक्षा जेमतेम ०.३ टक्के जास्त. या हवेमुळे होमरन निघतात अशी चाहत्यांची लाडकी तक्रार असते. खरं तर दाट हवा चेंडूला थोडी अडवतेच, आणि तीही मोजता येणार नाही इतकी.

फाउल लाइनबाहेरची जागाही विसरू नये. जपानी मैदानांत ती बऱ्याचदा मोठी, त्यामुळे उंच उडालेले फाउल झेलले जातात आणि फलंदाज फुकट बाद होतो. २०२३ मध्ये खुलं झालेलं होक्काइदोचं एस कॉन फील्ड अमेरिकी धाटणीचं; प्रेक्षक जवळ बसावेत म्हणून होम प्लेटमागची (फलंदाज उभा राहतो तिथली मागची) जागा सुमारे १५ मीटरच ठेवली, नियमात १८.२८८ मीटर लिहिलेले असताना. त्यावर २०२२ मध्ये मोठं वादळ उठलं.

पण मापांवर किती विसंबायचं? २०११ मध्ये जपानी लीगने सर्व सामन्यांसाठी एकच, कमी उसळणारा चेंडू आणला. २०१० मधले १६०५ होमरन २०११ मध्ये ९३९ झाले, २०१२ मध्ये ८८१. २०१३ मध्ये एकदम १३११. बहुतेक मैदानं तीच. लीगने गुपचूप चेंडूची उसळी वाढवली होती, हे त्या जूनमध्ये बाहेर आलं आणि पुढे आयुक्तांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी व्लादिमिर बालेंतियनने ६० होमरन मारून ओह यांचा एका हंगामातल्या ५५ चा विक्रम मोडला. त्याचं घरचं मैदान जिंगू, कडेला ९७.५ मीटर. याचं श्रेय एकट्या मैदानाला देणाऱ्यांनी चेंडूचाही हिशेब धरावा.